पाडलेल्या पुलाचे सुतक कसे पाळावे

पूल उभा आहे तोवर त्याच्याविषयी एकही चांगला शब्द बोलू नये, हा या विषयातला पहिला नियम आहे. उभ्या पुलावर माया करण्याचे दुष्परिणाम फार आहेत. कोणी त्याच्या गंजलेल्या कठड्याकडे निरखून पाहू लागतो, कोणी शेवटची दुरुस्ती कधी झाली असे विचारतो, आणि बघता बघता प्रकरण माहितीच्या अधिकारातील अर्जापर्यंत जाते. त्यापेक्षा त्याच्यावरून नाक दाबून जावे, पान खाल्ले असल्यास त्याच्या खांबाचा यथोचित सन्मान करावा, आणि मेगाब्लॉकची, म्हणजे गाड्या थांबवून करायच्या रेल्वेच्या कामाची, तारीख जाहीर झाली की त्याच संध्याकाळपासून हळवे व्हावे. जातिवंत मुंबईकराला हे शिकवावे लागत नाही. ही मार्गदर्शिका शहरात नव्याने आलेल्यांसाठी आहे.

सरावासाठी हँकॉक पूल घ्यावा. सँडहर्स्ट रोड आणि भायखळा या स्थानकांच्या मध्ये, वाडीबंदरच्या जुन्या यार्डाच्या शेजारात, मध्य रेल्वेच्या रुळांवरून डोंगरी-नूरबागेची वस्ती माझगावशी जोडणारा हा पूल मूळचा 1879 सालचा. 10 जानेवारी 2016 रोजी 18 तासांचा ब्लॉक घेऊन तो पाडण्यात आला. कारण चोख होते. उपनगरी गाड्यांची वीज 1,500 व्होल्ट डीसीवरून 25,000 व्होल्ट एसीवर गेली होती, आणि त्या तारांना जेवढी मोकळी उंची लागते तेवढी या ठेंगण्या पुलाखाली नव्हती. पूल पाडणे चूक होते असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही, आणि म्हणूनच शोक करताना या कारणाचा उल्लेख कटाक्षाने टाळावा, कारण ते कळले की हळहळ ओसरते आणि ‘मग पर्यायी व्यवस्था काय केली होती?’ असा रुक्ष प्रश्न तिची जागा घेतो.

पाडकामाच्या वेळी जवळच्या गच्चीवर जागा मिळवावी. क्रेनच्या आकड्याला अडकवलेला गर्डर हवेत झुलत असताना चित्रफीत काढावी आणि तिच्याखाली ‘इंग्रजांचे काम, शंभर वर्षे हलले नाही’ असे लिहावे. इंग्रजांनी आराखडा काढला, पण दगड फोडले, वाहिले आणि बसवले ते येथल्याच मजुरांनी, हा तपशील आठवला तरी गिळावा. त्या मजुरांची नावे कोठेही कोरलेली नसल्यामुळे त्यांना श्रद्धांजली वाहणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. कर्नल हँकॉक मात्र नावानिशी उपलब्ध आहेत.

यानंतरचा भाग नाजूक आहे, म्हणून लक्षपूर्वक वाचावा. पूल गेल्यावर वाहने वळसा घालून दुसऱ्या पुलाने जाऊ लागली, कारण वाहनाला वळशाचे काही वाटत नाही. पायी जाणाऱ्याला मात्र घर एका बाजूला आणि शाळा, दवाखाना, काम दुसऱ्या बाजूला असे जगावे लागत होते, आणि दोहोंच्या मधले अंतर कालपर्यंत काही मिनिटांचे होते. तेव्हा दप्तरे पाठीला लावलेली मुले, कडेवर पोर घेतलेल्या बाया आणि गुडघे धरून चालणारी म्हातारी माणसे सरळ रुळांत उतरली. निदान पायी जाण्यापुरती सोय तरी करा, या मागणीसाठी लोकांना उच्च न्यायालयात जनहित याचिका घेऊन जावे लागले. ही मंडळी आपल्या आठवणींत येऊ देऊ नयेत. जुन्या छायाचित्रांत ती पुलावर दिसतातच. तेवढा भाग कापून केवळ लोखंड ठेवावे, म्हणजे चित्र अधिक अभिजात दिसते.

तरीही कोणी त्यांचा विषय काढलाच, तर रेल्वे कायद्याचे कलम 147 पुढे करावे. त्यानुसार विनापरवाना रूळ ओलांडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पूल पाडून पर्याय न देणाऱ्यास किती शिक्षा व्हावी याचे कलम त्या कायद्यात शोधण्याच्या भरीस पडू नये. आपल्या दृष्टीला उगाच ताण पडेल. शिवाय ‘शिस्त नाही हो आपल्या लोकांना’ हे वाक्य या प्रसंगी इतके चपखल बसते की त्याला पुराव्याची गरज उरत नाही.

बांधकामाला लागलेल्या वेळाविषयीही संयम राखावा. हँकॉक पुलाचे कंत्राट दिले गेले, ते न्यायालयात अडकून रद्द झाले, पुन्हा निविदा निघाल्या, मग पोहोच रस्त्याच्या आड येणाऱ्या इमारतींचा प्रश्न आला, आणि 18 तासांत पाडलेल्या पुलाची एक बाजू 2022 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे साडेसहा वर्षांनी, रहदारीला खुली झाली. पाडणे आणि बांधणे या दोन क्रियांच्या वेगांत थोडाफार फरक असायचाच. या टप्प्यावर एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे उदाहरण देणारा एखादा आगंतुक भेटतो. 29 सप्टेंबर 2017 रोजी तेथील अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली, त्यानंतर पादचारी पूल बांधण्यासाठी लष्कराला पाचारण केले गेले, आणि पुढच्या फेब्रुवारीअखेर तो पूल खुलाही झाला. या उदाहरणावरून मन असल्यास पूल काही महिन्यांत होतो असा निष्कर्ष निघतो, म्हणून ते उदाहरण ऐकताच विषय बदलून कर्नाक पुलाकडे वळावे.

कर्नाक पूल हा स्मरणरंजनाच्या दृष्टीने सर्वांगसुंदर आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये 27 तासांचा ब्लॉक घेऊन तो पाडला, आणि त्याच्या जागचा नवा पूल 10 जुलै 2025 रोजी ‘सिंदूर’ या नावाने खुला झाला. जुने नाव सर जेम्स रिव्हेट-कर्नाक या मुंबईच्या गव्हर्नराचे होते. आता नाव बदलावे की नाही यावर आपण सहा महिने सहज वाद घालू शकता, आणि त्या काळात पदपथ किती रुंद आहे, मसजिद बंदरचा हातगाडीवाला चढावावर किती वेळा थांबतो, असल्या किरकोळ गोष्टींची कोणालाही आठवण होत नाही.

काही पूल मेगाब्लॉकची वाट पाहत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा विधी आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेल्या हिमालय पादचारी पुलाचा भाग 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी खाली रस्त्यावर कोसळला आणि सात जणांचा जीव गेला. तपासणीत तो पूल किरकोळ दुरुस्तीवर भागण्याजोगा ठरला होता. अशा पुलाचे कोणी स्मरणरंजन करत नाही, कारण त्याला कमानी नव्हत्या आणि गव्हर्नरही नव्हता. त्याच्याविषयी आठवडाभर संतापावे, नंतर चौकशी चालू आहे असे म्हणावे, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या पादचारी पुलावरून जाताना पायाखाली फरशी हलली तर ती आपल्या वजनामुळे हलली असे मानावे.

पुढच्या शोकाची तयारी वेळेत सुरू करावी. शीवचा 1912 सालचा पूल 2024 च्या ऑगस्टपासून, तर परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टन पूल 12 सप्टेंबर 2025 पासून वाहनांना बंद झाला, तेव्हा शब्दसंपत्तीची टंचाई भासणार नाही अशी व्यवस्था आहे. एवढे करूनही कधी पायी पलीकडे जाण्याचा प्रसंग आलाच, तर आधी रेल्वेकडे विचारणा करावी. रुळांवरचा भाग आमचा, पोहोच रस्ता महापालिकेचा, असे तेथे सांगतील. मग महापालिकेकडे जावे. तेथे पोहोच रस्ता आमचा, पण रुळांवरचा भाग रेल्वेचा, असे ऐकायला मिळेल. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही लेखी मिळतात. फक्त संबंधित विभागाची खिडकी दुपारी लवकर बंद होते, आणि ती रुळांच्या पलीकडच्या बाजूला आहे.