देवाचं जनुक सापडलं, आता वाद जिंका

श्रद्धा माणसाच्या शरीरातच रुजलेली असते का, या वादात उतरायचं असेल तर एक पथ्य कडकडीत पाळा. मूळ संशोधन वाचायचं नाही, मथळ्यावर भागवायचं. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ डीन हेमर यांनी २००४ साली आपल्या पुस्तकाचं नाव 'द गॉड जीन' ठेवलं ते काय उगाच? 'व्हीमॅट-२ या जनुकाचा एक प्रकार आणि एका प्रश्नावलीतले गुण यांचा पुसटसा संबंध' असं नाव असतं तर तुम्ही पुस्तकाला हात तरी लावला असता का? त्या गुणांमध्ये माणसागणिक जो फरक पडतो, त्यातला एक टक्काही या जनुकाच्या खात्यावर जमा होत नाही. शिवाय प्रश्न होते ते देहभान हरपण्याबद्दल, सृष्टीशी एकरूप वाटण्याबद्दल. तुम्ही मात्र 'देवाचं जनुक' असंच म्हणा. एका टक्क्यावर भांडण रंगत नाही.

मग पक्ष निवडा. नास्तिक असाल तर म्हणा, 'बघा, देव म्हणजे नुसती मेंदूतली रसायनं!' आस्तिक असाल तर म्हणा, 'बघा, त्यानेच आत सोय करून ठेवली!' पुरावा दोघांचा एकच, त्यामुळे नवा शोधायची दगदग वाचते. एखादा खवचट विचारेल, की बेरीजही मेंदूच करतो, मग दोन अधिक दोन चार हाही भ्रमच का? अशा माणसाला पुढच्या वेळी बोलावू नका.

उपकरणाचा उल्लेख हवाच. कॅनडातले मेंदू-संशोधक मायकल पर्सिंगर लोकांच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवून कानशिलांपाशी क्षीण चुंबकीय क्षेत्र सोडत. खोलीत कुणीतरी अदृश्य हजर आहे, असं अनेकांना वाटे. इथवर सांगून थांबा. २००५ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी तोच खटाटोप केला, पण चुंबक चालू आहे की बंद हे कुणालाच, अगदी प्रयोग घेणाऱ्यालाही, कळू दिलं नाही. तेव्हा अनुभव चुंबकामुळे येत नाही, माणूस सूचनेला किती चटकन वश होतो त्यावर तो ठरतो, असं दिसलं. तुम्ही स्वीडनचं नाव काढलंत की घोडं पेंड खाणार.

दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी कबुतरं राखून ठेवा. १९४८ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने खाणं दिलं. कबुतर काहीही करो, खाणं आपल्या वेळेलाच येई. तरी एक कबुतर वाट पाहताना गोल गोल फिरू लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा डोकं खुपसू लागलं. खाणं आलं, म्हणजे उपाय लागू पडला! (१९७१ साली इतरांनी असेच प्रयोग करून वेगळाच अर्थ लावला, ते जाऊ द्या.) लिफ्ट लवकर यावी म्हणून तुम्ही आधीच पेटलेलं बटण परत परत दाबता, त्याचा कबुतरांशी काही संबंध नाही. तुम्हाला घाई असते.

जुळ्यांवरचे अभ्यास गाळले तरी चालतील. मोठेपणी माणूस किती धार्मिक असतो, यात आनुवंशिकतेचा वाटा बऱ्यापैकी दिसतो. पण धर्म कोणता, हे बहुतेक वेळा घरच ठरवतं. हे वाक्य भर सभेत उच्चारू नका. पहिल्या अर्ध्याला नास्तिक चिडतात, दुसऱ्याला आस्तिक, आणि टाळ्या वाजवायला कुणी उरत नाही.