अंगठेबहाद्दर कसे व्हावे

सर्वात आधी मनातली भीती काढून टाका. तुमची डिजिटल ओळख पूर्णपणे तुमच्या हातात आहे. नेमकं सांगायचं तर उजव्या हाताच्या अंगठ्यात. पूर्वी ज्याला सही येत नसे तो अंगठा उठवायचा आणि गावातली चार शिकलेली माणसं त्याला अंगठेबहाद्दर म्हणून हसायची. पण सावकार निदान कागद वाचून दाखवायचा, किंवा तसं नाटक तरी करायचा. आता आपण सगळे पदवीधर आहोत. कागद चाळीस पानांचा असतो, तो कोणी वाचून दाखवत नाही, शाईसुद्धा लागत नाही. 'मी वाचले आहे आणि मला मान्य आहे' असं लिहिलेल्या चौकोनावर अंगठा टेकवला की झालं. या वाक्यातला पहिला अर्धा भाग खोटा आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. सावकारी कागदातही एवढा मोकळेपणा नव्हता.

तर सुरुवात नव्या फोनपासून करू. फोन घेतलात की तो स्वतः सुरू करायच्या फंदात पडू नका. प्रत्येक घरात एक पुतण्या असतो, त्याला बोलवा. माझ्या पुतण्याने चहा निवेपर्यंत माझं सगळं लावून दिलं. ईमेल विसरलो तर परत मिळवायचा नंबर? त्याचा. पासवर्ड? त्याच्या लक्षात राहील असा. माझी जन्मतारीख विचारायला मी नेमका स्वयंपाकघरात होतो, म्हणून त्याने स्वतःची टाकली. परिणामी फोनच्या लेखी मी सत्तावीस वर्षांचा आहे. गेली दोन वर्षं मला विवाहमंडळांच्या जाहिराती येतात, दाढीला लावायचं तेल येतं, आणि एकदा सैन्यभरतीचीही आली. सौभाग्यवतीला दाखवली, ती म्हणाली जाऊन या. पुतण्या सध्या पुण्याला असतो, त्यामुळे पासवर्ड विसरलो की मी त्याला फोन करतो आणि मीच मी आहे हे तो मला सांगतो. यापेक्षा घट्ट कौटुंबिक नातं कोणत्या एकत्र कुटुंबात होतं ते दाखवा.

पुढची पायरी परवानग्यांची. कुलमुखत्यारपत्र केलंय कधी? स्टँप पेपर, दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अर्धा दिवस, पंखा असेल त्या बाकावर जागा नाही. एवढं करूनही माणूस फार तर एका फ्लॅटचे अधिकार देतो. फोनवर तेच काम, आणि फ्लॅटपेक्षा कितीतरी जास्त, एका टिचकीत होतं. मी विजेरीचं एक ॲप घेतलं. अंधारात उजेड पाडण्यासाठी त्याला माझी फोनबुक हवी होती. दिली. हल्लीच्या फोनांमध्ये विजेरी आधीपासूनच असते हे मला नंतर कळलं, पण त्याने त्या ॲपची गरज कमी होत नाही.

फोनबुक देताना एक गोष्ट लक्षात घ्या, तुम्ही फक्त स्वतःची ओळख देत नाही. त्यात मुलीच्या सासरची माणसं असतात, प्लंबर असतो, मूळव्याधीचे डॉक्टर असतात, 'बंड्या उधारी' असतो. त्या सगळ्यांच्या वतीने तुम्ही अंगठा उठवता. त्यांनी तुम्हाला अधिकार दिलेला नाही हे खरं, पण त्यांच्या फोनबुकात तुम्हीही 'चिकट जोशी बी विंग' म्हणून आहातच, आणि त्यांनी तुम्हाला कुठे विचारलं? म्हणजे फिटंफाट.

कॅमेरा, माईक किंवा ठिकाणाची परवानगी मागताना फोन तीन पर्याय देतो. त्यातला 'फक्त या वेळी' हा पर्याय २०२० पासून अँड्रॉइडमध्ये आला आणि तो मला आपल्या संस्कृतीला धरून वाटत नाही. पाहुण्याला दारातच उभं करून पाणी द्यायचं आणि पेला परत घ्यायचा, असला हा प्रकार. शिवाय बरेच दिवस न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो म्हणे. ती व्यवस्था बंद करता येते, करून टाका. जाहिरातवाल्यांनी तुम्हाला ओळखावं म्हणून फोनला एक ओळखक्रमांक दिलेला असतो, तो सेटिंगमध्ये जाऊन पुसताही येतो. पण सेटिंगमध्ये, मग गुगलमध्ये, मग जाहिरातींमध्ये, एवढं आत शिरायला आपण काय चोर आहोत?

आता आधार. हा विषय महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा, कारण देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत. जी वस्तू आपण देशाला दिली ती जपून वापरणं हा कद्रूपणा झाला. म्हणून हात सैल ठेवा. लॉजवर द्या, ट्रेकच्या ग्रुपवर द्या, गॅसवाल्याला द्या. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची पद्धत आदर्श आहे: "काका, व्हॉट्सॲप करा." आपण करतो. त्याच्या कॉम्प्युटरवर ते उतरतं, प्रिंट निघते, दोन रुपये होतात, आणि फाईल तिथेच राहते, आधीच्या हजारेकांच्या शेजारी. माझी पत्नी एकदा स्वतःच्या कार्डाची प्रत शोधत घरभर कपाटं उपसत होती. मी म्हटलं, कशाला त्रास घेतेस, झेरॉक्सवाल्याकडे आहे.

त्या फाईलला पासवर्ड असतो, त्यामुळे निर्धास्त राहा. पासवर्ड म्हणजे तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. हा नियम सगळ्या देशाला माहीत आहे, आणि नाव व जन्मतारीख त्याच कार्डावर छापलेली असतात. कुलूप लावून किल्ली त्याच कडीला लटकवायची ही पद्धत मी फक्त आमच्या आजीच्या फडताळाला पाहिली होती. तिथे निदान आत लाडू असायचे.

काही शंकेखोर तुम्हाला सांगतील की पहिले आठ आकडे झाकलेलं आधारही डाऊनलोड करता येतं, किंवा खऱ्या नंबराऐवजी सोळा आकडी आभासी क्रमांक देता येतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण लॉजच्या काउंटरवर रात्री साडेदहाला, मागे पोरं पेंगत असताना, झाकलेले आकडे पुढे करून बघा. मॅनेजर तुमच्याकडे असा बघेल की बायको खरी आहे ना, अशी तुम्हालाच शंका येईल. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना बजावलं होतं की कार्डाची प्रत कुठल्याही संस्थेला देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, झाकलेलं कार्ड द्या. मग दोनच दिवसांत तो सल्ला मागे घेतला गेला, कारण लोक त्याचा चुकीचा अर्थ काढतील! सुधारित सल्ला असा होता की आधार वापरताना आणि देताना सामान्य शहाणपण बाळगावं. हे शहाणपण कुठल्या केंद्रावर मिळतं, त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतात आणि त्यात आधार लागतं का, हे मात्र त्या पत्रकात नव्हतं.

धैर्यासाठी थोरांचे दाखले हवेत. २८ जुलै २०१८ रोजी 'ट्राय'चे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी ट्विटरवर आपला आधार क्रमांक जाहीर केला आणि म्हणाले, माझं काय नुकसान करता येतं ते करून दाखवा. हे गृहस्थ पूर्वी आधार प्राधिकरणाचेच प्रमुख होते. काही तासांत लोकांनी त्यांचा मोबाईल नंबर, पत्ता, जन्मतारीख वगैरे शोधून मांडलं. काहींनी त्यांच्या खात्यात एकेक रुपया भरला. आधारमधून काही फुटलेलं नाही, ही सगळी माहिती आधीच इकडेतिकडे उपलब्ध होती, असा खुलासा झाला. तो मला फार धीराचा वाटला. तिजोरी फुटलेली नाही. दागिने रस्त्यावरच पडले होते. त्याच खुलाशांच्या दिवसांत प्राधिकरणाने इतरांना मात्र असं काही करू नका म्हणून सांगितलं.

आणि बरोबर त्याच आठवड्यात, ३ ऑगस्टला, हजारो लोकांना आपल्या फोनबुकात आधारच्या मदतकेंद्राचा नंबर सापडला, जो त्यांनी कधीच जतन केला नव्हता. देशभर दचकणं झालं. रात्री गुगलने कबूल केलं की २०१४ मध्ये फोन सुरू करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो चुकून टाकला गेला होता, हॅकिंग नव्हे. म्हणजे चार वर्षं तो पाहुणा आपल्या घरात माळ्यावर राहत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. तुम्ही यातून हे घ्या की फोनबुक आपली असते, ही समजूतच मुळात अहंकाराची आहे.

अलीकडे मात्र लोकांना उगाच नको तिथे ताठा येतो. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार खात्याने फोन कंपन्यांना सांगितलं की संचार साथी हे सरकारी ॲप नव्या फोनांत आधीच घालून द्या आणि ते निकामी करता येणार नाही असं बघा. गदारोळ झाला. मंत्री म्हणाले, नको असेल तर काढून टाका. ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली. माझा प्रश्न एवढाच आहे की विजेरीला फोनबुक देणाऱ्या माणसांना सरकारचंच एवढं वावडं का? गंमत म्हणजे त्याच संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत हे बघता येतं. मी पाहिलं. चार आहेत. माझ्याकडे दोन आहेत. उरलेल्या दोघांचा संसार सुखाचा होवो.

काहीजण विचारतील, अंगठ्याचं काय, खऱ्या अंगठ्याचं? २०१८ मध्येच तेलंगणात एकजण पकडला गेला, ज्याने जमीनखरेदीच्या दस्तांवरचे ठसे ऑनलाइन मिळवून त्यांचे रबरी अंगठे केले आणि हजारोंनी सिमकार्डं चालू केली. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही, अशी कुरकूर त्यावर होते. मी म्हणतो, बदलायला कशाला हवा? एक तुमच्याकडे, एक त्याच्याकडे. आधारचे ठसे मोबाईलवरून लॉक करता येतात, हवे तेव्हा उघडताही येतात, आणि पैसे पडत नाहीत. फुकट असल्यामुळेच बहुधा कोणी करत नाही. मीही नाही केलं. ओटीपी पुतण्याकडे जातो.

मोबाईल नंबराबद्दल तर कंजूषपणा करूच नका. दुकानात मोजे घेतले तरी काउंटरवरची मुलगी आधी नंबर विचारते. मे २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयाने दुकानदारांना कळवलंय की नंबरासाठी अडवून धरू नका. हे मी एकदा त्या मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, "सर, सिस्टीम पुढे जात नाही." माझ्या मागे सातजण उभे होते आणि तेही पुढे जात नव्हते. मी नंबर सांगितला, मोठ्याने, दोनदा, कारण पंखा चालू होता. सातातल्या एकाने मला 'सात शून्य की सात नऊ' असं विचारून शंका फेडून घेतली.

आता कायदाही आपल्या बाजूने आला आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळी, विशिष्ट, समजून घेतलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. शिवाय संमतीआधीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत मागता येईल. म्हणजे जे आपण आजवर इंग्रजीत वाचत नव्हतो, ते आता मायमराठीत वाचणार नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर अंगठ्याचा सराव सोडू नका. कंपनीला दंड अडीचशे कोटींपर्यंत होऊ शकतो. नागरिकालाही विसरलेले नाहीत, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केलीत तर दहा हजारांपर्यंत तुम्हालाही होईल. विजेरीची तक्रार क्षुल्लक धरतात का, हे वकिलाला विचारायला गेलो, तर त्याच्या कारकुनाने आधी आधारची प्रत मागितली.

शेवटी माझंच एक उदाहरण देतो, म्हणजे या मार्गाने माणूस किती निवांत होतो ते कळेल. माझा बारा वर्षांचा जुना नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडला. बंद पडलेला नंबर किमान नव्वद दिवस कोणाला देत नाहीत. नव्वद दिवस झाले आणि तो लातूरच्या एका मुलाला मिळाला. बँक, विमा, सोसायटीच्या गेटचं ॲप, सगळीकडे माझा तोच नंबर होता आणि आहे. बदलायला गेलं की जुन्या नंबरावर ओटीपी पाठवतात. त्या मुलाने कुठूनतरी माझा नवा नंबर मिळवला. कसा, ते मी विचारलं नाही, ज्याला हवा त्याला मिळतोच. मुलगा गुणी आहे. बँकेचा ओटीपी आला की फोन करून सांगतो. माझा विम्याचा हप्ता त्याच्या लक्षात असतो. डोंबिवलीत आमच्या गेटवर कोणी आलं की लातुरात त्याचा फोन वाजतो आणि सोडायचं की नाही ते तो ठरवतो. परवा माझे मेहुणे अर्धा तास उन्हात उभे होते. मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "काका, गेल्या वेळी आले होते तेव्हा तुमचा आवाज नंतर फार थकलेला वाटला, म्हणून नाही सोडलं."