‘ग्रीन कार्ड परत मिळतंच’ म्हणणाऱ्या काकांना

‘ग्रीन कार्ड असून वर्षापेक्षा जास्त भारतात राहिलात? घाबरू नका. १८० डॉलर भरा, एसबी-१ व्हिसा घ्या. कुटुंबासोबत राहत होतो, एवढं कारण पुरतं. सहा महिन्यांतून एक फेरी मारली, टॅक्स भरला की स्टेटस शाबूत. एअरपोर्टवर कागद पुढे केला तर वाद न घालता सही करा, नंतर सगळं नीट होतं.’

हा मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय, खाली कुणा ‘अनुभवी काकां’चा हवाला. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण माझी मावसबहीण नवरा-मुलांसकट दोन वर्षांहून जास्त काळ पुण्यात आहे आणि हे वाचून ती तिकिटं बघायला लागली.

एसबी-१ म्हणजे बाहेर जास्त काळ राहिलेल्या ग्रीन कार्डधारकाला अमेरिकेत परतण्यासाठीचा व्हिसा. त्याच्या फीचा आकडा बरोबर आहे, तेवढं श्रेय देऊ. अर्ज नामंजूर झाला तरी ते १८० डॉलर परत येत नाहीत, हे काकांनी गाळलं. मंजूर झाला तरी इमिग्रंट व्हिसाची फी आणि वैद्यकीय तपासणी पुढे वेगळी असतेच.

आता ते ‘कुटुंबासोबत’ प्रकरण. एसबी-१ साठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: निघताना तुम्ही कायम रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक होता, परतायचा इरादा होता आणि तो कधी सोडला नाही, आणि मुक्काम लांबला तो तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने, ज्याला तुम्ही जबाबदार नव्हता. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने अशा कारणांची उदाहरणंही दिली आहेत. त्यात गंभीर आजारपण आहे, अमेरिकन कंपनीची नोकरी आहे आणि अमेरिकन नागरिक असलेल्या जोडीदारासोबत राहणं आहे. काकांनी बहुधा हेच कुठेतरी वाचलं आणि ‘नागरिक जोडीदार’चं ‘कुटुंब’ करून टाकलं. म्हणजे अर्धसत्य आहे, नाइलाजाने मान्य. पण माझ्या बहिणीचा नवरा नागरिक नाही, त्याच्याकडेही ग्रीन कार्डच आहे. आणि काकांचा संदेश वाचणाऱ्या बहुतेक घरांत हेच चित्र असणार.

उलट सगळं कुटुंब एकत्र परदेशात असणं हा अनेकदा तुमच्या विरोधातला पुरावा ठरतो. बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सचा, म्हणजे अमेरिकेत इमिग्रेशनची अपिलं ऐकणाऱ्या मंडळाचा, १९८८ चा हुआंग खटला बघा. नवरा जपानमध्ये, बायको मुलांना घेऊन त्याच्यासोबत तिकडे. नवऱ्याबरोबर राहायची इच्छा खोटी आहे असं कुणी म्हटलं नाही. पण तिकडचा मुक्काम कधी संपणार हेच ठरलेलं नव्हतं, म्हणून तो तात्पुरता धरला गेला नाही आणि तिने स्टेटस सोडलं असा निकाल लागला. वर आईचा निर्णय तिच्या ताब्यातल्या अल्पवयीन मुलांनाही लागू झाला. काका, हे तुमचं ‘पुरेसं कारण’.

बहिणीचंच घ्या. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून हे कुटुंब पुण्यात आलं. तेवढ्यापुरतं हे हाताबाहेरचं कारण म्हणून मांडता येईल. पण नंतर नवऱ्याने इथे नोकरी धरली, मुलं इथल्या शाळेत गेली, तिकडचं भाड्याचं घर सोडलं. व्हिसा अधिकारी नेमकं इथेच बोट ठेवणार, आणि डॉक्टरांच्या सर्टिफिकेटात त्याचं उत्तर नसतं.

सहीचा सल्ला तर सरळ घातक आहे. तो कागद म्हणजे फॉर्म आय-४०७. आपण होऊन कायम रहिवास सोडतोय, असं तुम्ही त्यावर लिहून देता. सही ऐच्छिक असते. नकार देऊन इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, आणि तिथे तुम्ही स्टेटस सोडलंत हे सरकारला भक्कम पुराव्यानिशी दाखवावं लागतं. दूतावासात एसबी-१ मागताना मात्र सिद्ध करायचा भार तुमच्यावर. म्हणजे जिथे सरकारला राबावं लागलं असतं, तिथे स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं आणि मग १८० डॉलर भरून हात जोडायचे, असा हा सल्ला!

सहा महिन्यांची फेरी हा जुना गैरसमज. १८० दिवसांच्या आत परतलं की प्रवेशाच्या वेळी सहसा कमी चौकशी होते, इतकंच त्यात तथ्य. पण खरं बिऱ्हाड कुठे आहे हा प्रश्न त्याने मिटत नाही. १९७५ च्या केन खटल्यातली बाई दरवर्षी नेमाने अमेरिकेत यायची. बाकीचं वर्ष जमैकात राहून तिथे लॉजिंग चालवायची. तिचंही स्टेटस गेलं.

टॅक्स भरणं उपयोगी पडतं, पण एकट्याने तरत नाही. अनिवासी म्हणून रिटर्न भरलं असेल तर ते अंगाशीच येतं.

खरा उपाय होता रीएन्ट्री परमिट, म्हणजे लांबच्या मुक्कामानंतर परत येण्याचा आगाऊ परवाना; त्याचा अर्ज फॉर्म आय-१३१. साधारण दोन वर्षांपर्यंत चालतं, पण अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. इथे बसून आता ते जमणार नाही.

एसबी-१ नाकारला गेला तर नवी पिटिशन, म्हणजे कुणी नातेवाइकाने ग्रीन कार्डसाठी पहिल्यापासून अर्ज करायचा. थोरला मुलगा तिकडे जन्मलेला, म्हणून नागरिक आहे, पण आईवडिलांसाठी अर्ज करायला त्याला २१ पूर्ण व्हावे लागतील आणि तो आत्ता आठवीत आहे. सख्ख्या भावाने अर्ज केला तर भावंडांच्या गटात भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे.