प्रेक्षकांना झील धरायला लावायची, तर तालीम त्यांचीही घ्या

यात्रेत, गणपतीत गावोगावी विनोदी संगीत लोकनाट्यं बसवली जातात. सगळ्यांना हवं असतं की पब्लिकनेही गावं. आणि मग ऐन प्रयोगात सोंगाड्या ओरडतो, "जोरात म्हणा मंडळी!" काय म्हणायचं, कुणालाच माहीत नसतं. पुढच्या दोन रांगा हसतात, बाकीचे गप्प.

आपल्याकडे वहीगायनात (खानदेशातला लोकगायनाचा प्रकार), तमाशात झील धरायची, म्हणजे मुख्य गायकामागे साथीदारांनी सूर धरून ओळ म्हणायची रीत आहे. प्रेक्षकाला झीलकरी करा, पण त्याच्या तोंडी एकच जवाब द्या आणि तो बोलीतला द्या. धुळे-अमळनेरकडे "मंग काय व्हयनं?" हा जवाब केरवा तालाच्या चार मात्रांत चपखल बसतो. यावल-रावेरला बोली वेगळी, तिथे तो बदलायलाच हवा. गण (सुरुवातीचं गणेशस्तवन) झाला की बतावणीत, म्हणजे वगाआधीच्या विनोदी संवादात, तीनदा म्हणवून घ्या: आधी बायका, मग पोरं, मग सगळे. वगात, म्हणजे मुख्य कथानाट्यात, तो पहिल्यांदा लागेपर्यंत पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका, लोक विसरतात.

टाळ्यांचं दुखणं वेगळं. उघड्या मैदानात शेवटची रांग ३५ मीटरवर असेल तर ढोलकी तिथे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, टाळी परत यायला तेवढाच. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत ही जवळपास अर्धी मात्रा झाली! ढोलकीवाला मागच्या टाळ्या ऐकून वाजवायला लागला की गाणं हमखास कोसळतं. त्याने सोंगाड्याच्या हाताकडे बघावं, कानावर जाऊ नये. टाळ्यांचं कडवं १०० च्या आसपास ठेवा. लोक आपोआप घाई करतात, म्हणून सोंगाड्याने प्रत्येक समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) उपरणं वर उडवायचं. डोळ्याला दिसलेली सम उशिरा पोचत नाही.

कुणाला मंचावर बोलवायचं असेल तर स्वतः उड्या मारत येणाऱ्याला नको, तो खाली उतरत नाही. तिसऱ्या-चौथ्या रांगेत मनापासून हसणारा माणूस हेरा, आधी नजरेने विचारा, नको म्हणाला तर लगेच सोडा. बाजूला कठड्याची पायरी हवीच. माइक त्याच्या हातात द्यायचा नाही, नटाने धरायचा. काम एकच आणि ठरलेलं: तराजू धर, नवरदेवाचा फेटा सांभाळ. तीन मिनिटांत टाळ्या घेऊन परत जागेवर. त्याच्या जातीवर, अंगावर, गरिबीवर विनोद करणं मला अजिबात मान्य नाही. हसू सोंगाड्याच्या फजितीवर यावं.

संहितेत या जागा लाल शाईने खुणा करून ठेवा आणि दोन वाटा लिहा: जवाब आला तर हे वाक्य, नाही आला तर ते. शेवटच्या चार तालमींना गल्लीतली पंधरा-वीस पोरं समोर बसवा. नाटक माहीत नसलेलीच हवीत. सहभागाने प्रयोग वीसेक मिनिटं तरी लांबतो, आणि रात्री १० ला सहसा भोंगे बंद करावे लागतात. तेव्हा पडदा साडेसातलाच उघडा, पाहुण्यांचे सत्कार दुसऱ्या दिवशी करा.