जागा ओपन पडली, वहिनी

स्टॉकहोममध्ये मी पहिल्यांदा मत दिलं ते सप्टेंबर २०२२ मध्ये. मी स्वीडनची नागरिक नाही, पण तीन वर्षं नोंदणी असलेल्या रहिवाशाला इथे पालिका आणि प्रांताच्या निवडणुकीत मत देता येतं. पालिकेची मतपत्रिका पांढरी, प्रत्येक पक्षाची वेगळी, तीवर उमेदवारांची नावं ओळीने छापलेली. सोशल डेमोक्रॅट पक्षाची हातात घेतली आणि सवयीने बायका मोजायला लागले. पाच-सहा नावांनंतर मोजणं सोडलं. एक बाई, एक पुरुष, एक बाई, एक पुरुष, खालपर्यंत तसंच.

हे घरच्या ग्रुपवर सांगितलं तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "बघ ताई, तुमच्याकडे आरक्षणाचा कायदा नाही, तरी जवळजवळ निम्म्या बायका. मग आपल्याला कशाला हवा?"

कायदा नाही हे खरं. पण इथले पक्ष आपणहून शहाणे झाले, असं मात्र नाही. १९९१ च्या निवडणुकीत संसदेतल्या स्त्रिया कमी झाल्या. तेव्हा काही लेखिका आणि प्राध्यापिकांनी एकत्र येऊन बजावलं, की याद्या सुधारा, नाहीतर आम्ही स्वतःचा पक्ष काढू. 'अर्धी सत्ता, पूर्ण पगार' ही त्यांची घोषणा. मतं जातील अशी भीती वाटली तेव्हा कुठे सोशल डेमोक्रॅटांनी १९९३ मध्ये एकाआड एक नावांचा नियम केला, आणि पुढच्याच वर्षी संसदेत स्त्रिया ४० टक्क्यांच्या घरात गेल्या.

शिवाय इथे मत यादीला पडतं. बाईचं नाव वर आलं तर पुरुष एक घर खाली सरकतो, एवढंच. आपल्याकडे एका मतदारसंघातून एकच जण जाणार. तिथे बाईला तिकीट द्यायचं म्हणजे बसलेल्या कुणाचं तरी कापायचं. ते आपणहून कोण कापतो? सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेने ४५४ विरुद्ध २ मतांनी लोकसभा आणि विधानसभांत बायकांना ३३ टक्के आरक्षण देणारी घटनादुरुस्ती मंजूर केली, आणि २०२४ ला लोकसभेच्या उमेदवारांत बायका होत्या दहा टक्क्यांच्या आसपास. निवडून आल्या ५४३ पैकी ७४. महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २१. आरक्षणाच्या अंमलाला जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट घातली होती, मान्य. पण तिकीट द्यायला कुठली जनगणना लागते? ओडिशात बिजू जनता दलाने २०१९ ला लोकसभेच्या २१ पैकी ७ तिकिटं बायकांना दिली, त्यातल्या ५ जिंकल्या. कायद्याची वाट पाहिली नव्हती.

'नवराच कारभार बघतो' हा दुसरा आक्षेप. माझी मावशी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत गेली तेव्हा पहिलं वर्षभर काकाच तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. मग पाणीपुरवठ्याच्या बिलावर तिने सही करायला नकार दिला, कारण पाइप टाकलेलेच नव्हते. त्यानंतर काका घरी बसले. पाच वर्षांत ती कामात तयार झाली आणि नेमकं तेव्हाच आरक्षण फिरलं. पॅनेलप्रमुख म्हणाले, "जागा ओपन पडली, वहिनी. आता पुरुष बघू." ती तरीही उभी राहिली, एकटी, आणि थोडक्यात पडली.

२०२३ च्या दुरुस्तीतही राखीव मतदारसंघ प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरणार आहेत. जागा ओपन पडेल तेव्हा तिथल्या आमदार-खासदार बाईचं तिकीट कायम ठेवू, एवढं प्रत्येक पक्षाने आजच लिहून द्यावं. आणि आपण मतदार बायकांनी ते लिहून मागावं.