वाद सुटेपर्यंत पैलवानानं थांबायचं का?

बेळगावच्या सीमाभागातल्या तालमींना सोयी द्यायच्या कुणी, बेंगळुरूनं की मुंबईनं, हा वाद गावाकडच्या ग्रुपवर परत पेटलाय. १९५६ पासूनचं हे दुखणं खरं आहे, त्यावर बोलायलाच हवं. पण पैलवानाच्या भरून आलेल्या मांड्या त्या निकालासाठी थांबत नाहीत. आणि गुण कमी नाहीत: तुरमुरीची मलप्रभा जाधव २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळाचं कांस्य घेऊन आली.

इथं अमेरिकेत, खेळाडूंच्या दुखऱ्या अंगासाठी साधनं करणारी कॅलिफोर्नियातली हायपराइस कंपनी कशी वाढली ते बघा. गुडघ्याला बर्फ बांधला की तो वितळतो, पिशवीत हवा धरते आणि थंडावा कातडीपासून सुटतो. अँथनी कॅट्झ यांनी ती हवा बाहेर सोडणारी झडप पट्ट्यात बसवली. कोबी ब्रायंटसारख्या बास्केटबॉल खेळाडूनं तो पट्टा वापरला. बाकीचा पसारा नंतरचा: थरथरणारा रोलर, स्नायूवर भराभर ठोके देणारी २०१८ ची हायपरवोल्ट मसाज गन, २०२० मध्ये विकत घेतलेली हवेच्या दाबाच्या बुटांची नॉर्मटेक कंपनी.

मसाज गन उघडली तर आत मोटर, एक्सेंट्रिक (मध्य सोडून फिरणारी चकती), कनेक्टिंग रॉड आणि १२ ते १६ मिलिमीटर पुढंमागं होणारा दांडा. क्रँकशाफ्ट करणाऱ्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीला यात नवीन काहीच नाही. फसतं ते दुसरीकडे. ब्रशची स्वस्त मोटर मांडीवर जोर दिला की अडते, म्हणून ब्रश नसलेली, ब्रशलेसच हवी. बेअरिंग ढिलं बसलं तर थोड्याच दिवसांत खडखडाट सुरू होतो. वेगवेगळ्या लॉटचे लिथियम सेल एकत्र जोडले तर काही आधी भरतात, पॅक तापतो. संरक्षण सर्किटवर पैसे वाचवणं म्हणजे पैलवानाच्या हातात धोका देणं. पैसा आधी सेल आणि बेअरिंगवर घाला, दिसणं राहू दे.

जाहिराती सांगतात तेवढं हे यंत्र करत नाही. आखडलेपण आणि दुखणं काही वेळ हलकं होतं, फाटलेला स्नायू जुळत नाही. एका स्नायूला एक-दोन मिनिटं पुरे. हाडावर, गळ्यावर, ताज्या सुजेवर लावायचं नाही. इथं अमेरिकेत कॉलेजच्या संघांत मशीनमागं शिकलेला ट्रेनर उभा असतो. आपल्याकडे मालिश करणारा जाणता हात आहे, त्याला बाजूला सारू नका.

गार पाण्याला तर मशीनही लागत नाही. २०० लिटरचं ड्रम, १० ते १५ अंशांचं पाणी, दहा मिनिटं. लागोपाठच्या कुस्त्यांच्या दिवसांत चालेल. रोजच्या जोर-बैठकांनंतर मात्र नको: ताकदीच्या मेहनतीनंतर लगेच गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले, असं २०१५ च्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात दिसलं.

आनंदवाडीचा आखाडा आणि उद्यमबाग एकाच शहरात आहेत. एखाद्या वर्कशॉपनं पाच नग करावेत आणि विकायच्या आधी हंगामभर तालमींत द्यावेत. काय तापतं, काय खिळखिळं होतं, ते वस्ताद सांगतील.