म्हणे साठीनंतर हालचाल कमी करा!

मावशीने ज्येष्ठ नागरिक संघातला सकाळचा व्यायाम बंद केला. कारण विचारलं तर तिने एक फॉरवर्ड पुढे केला. ‘साठीनंतर पडणं अटळ आहे. जिने चढू नका, व्यायामाच्या वर्गांना जाऊ नका, जास्तीत जास्त बसून राहा. आठवड्याला ड जीवनसत्त्वाची पुडी आणि रात्री झोपेची गोळी घ्या.’ खाली अर्थातच ‘एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’. डॉक्टरांचं नाव कुठेच नाही.

सगळ्यात घातक आहे ते ‘बसून राहा’. माणूस पडतो तो मांड्या-पोटऱ्यांत जोर उरला नाही आणि अडखळल्यावर पाऊल वेळेत पुढे पडलं नाही म्हणून. बसून राहिल्याने नेमकं हेच दोन्ही जातं. मग पडायची भीती वाटते, भीतीने माणूस आणखी बसतो, आणि एक दिवस न्हाणीच्या उंबऱ्यालाच अडखळतो. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात घरी राहणाऱ्या वृद्धांवरच्या १०८ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. २५ देश, २३ हजारांवर माणसं, सरासरी वय ७६. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी निघालं. गटात केला काय नि घरी केला काय, फायदा दिसलाच. मग ‘अटळ’ कुठे राहिलं?

ड जीवनसत्त्व रक्तात कमी असेल तर डॉक्टर देतील ते घ्यावं. पण ‘जास्त घेतलं की हाडं दणकट’ हा हिशेब चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदम ५ लाख युनिट दिले, तर त्या उलट जास्त पडल्या. २०१०चा अभ्यास आहे.

झोपेच्या गोळीवर काय बोलायचं! रात्री लघवीला उठणारा माणूस, डोक्यात गुंगी, पायाखाली अंधार. पडण्याची याहून चांगली तयारी कोणती?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. ‘नुसतं फिरून काही होत नाही’ असंही त्या फॉरवर्डमध्ये आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. फक्त चालण्याने पडणं कमी होतं का, याचा पुरावा कॉक्रेनच्या आढाव्यातही कच्चाच आहे. ओली फरशी आणि स्टुलावर चढणं टाळा, हे त्यातलं सांगणंही बरोबरच. पण त्यातून ‘बसा’ निघत नाही, ‘तोल सांभाळायचा सराव करा’ निघतं. टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. संघाच्या वर्गात प्राणायाम आणि टाळ्याच असतील, तर मावशीने तिथे जाऊन हे मागून घ्यावं. वर्षभरात जो आधीच पडलाय किंवा ज्याला उठताना चक्कर येते, त्याने आधी डॉक्टरांना दाखवावं, आणि रक्तदाबाच्या नि झोपेच्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी.